अकरा लेकरांची शाळा ‘परवडत नाही’ म्हणजे नक्की काय?

(हे एपिसोडचं लिखित रूप आहे. बोलण्यातले अडखळे काढलेत, बाकी बोलणं तसंच ठेवलंय.)

मागच्या महिन्यात किनवटकडून एका ताईंची व्हॉइस नोट आली होती. सत्तावीस सेकंदांची. त्या म्हणाल्या, “दादा, आमच्या तांड्यावरच्या शाळंत अकराच लेकरं हायेत. ती शाळा बंद करायलेत म्हणं. खरं हाय का?” मला वाटलं पाच मिनिटांत उत्तर देऊ. मग जीआर वाचायला बसलो आणि त्याचा हा अख्खा एपिसोड झाला.

आधी एक गोष्ट क्लिअर करू. “सरकार शाळा बंद करणार” असा फॉरवर्ड दरवर्षी जून-जुलैला फिरतो, आणि “ही अफवा आहे” असा खुलासाही दरवर्षी येतो. दोन्ही अर्धवट आहेत. शाळा एका दिवसात कुलूप लावून बंद होत नाही. आधी शिक्षक कमी होतो, मग पट कमी होतो, मग कुणीतरी म्हणतं “इथं आता कोण येतंय?” आणि शेवटी समायोजन होतं. समायोजन हा सरकारी शब्द लक्षात ठेवा, आज तो बऱ्याच वेळा येणार आहे.

आता थोडी टाइमलाइन. डिसेंबर २०१७ मध्ये राज्य सरकारनं १० पेक्षा कमी पट असलेल्या १,३१४ शाळा जवळच्या शाळांमध्ये समायोजित करायचं ठरवलं. कारण दिलं गुणवत्तेचं. मग २०२२ मध्ये २० पेक्षा कमी पटाच्या शाळांची माहिती मागवली गेली. तेव्हा राज्यात अशा १४,७८३ शाळा होत्या. त्यांत १,८५,४६७ विद्यार्थी आणि २९,७०७ शिक्षक.

कॅल्क्युलेटर काढा. एका शाळेत सरासरी साडेबारा मुलं. एका शिक्षकामागं सहा. मुंबईत एसी केबिनमध्ये बसून ही एक्सेल शीट बघणारा माणूस काय म्हणेल? मी सॉफ्टवेअरवाला आहे, मला माहितीये तो काय म्हणेल. आमच्याकडे दहा सर्व्हर पाच-पाच टक्के लोडवर चालत असतील तर आम्ही नऊ बंद करतो आणि सगळं एकावर हलवतो. डेटाला चालत जावं लागत नाही. सहा वर्षांच्या लेकराला जावं लागतं, आणि मध्ये नाला असतो.

सप्टेंबर २०२३ मध्ये ‘समूह शाळा’ हा शब्द आला. शिक्षण आयुक्तालयानं जिल्ह्यांकडून प्रस्ताव मागवले: कमी पटाच्या शाळांची मुलं एका मध्यवर्ती मोठ्या शाळेत आणायची, तिथं लायब्ररी, लॅब, मैदान, विषयांचे शिक्षक सगळं द्यायचं. मॉडेल म्हणून दोन नावं दिली गेली. नंदुरबारचं तोरणमाळ आणि पुण्याचं पानशेत. त्याच महिन्यात ‘दत्तक शाळा’ योजनेचाही जीआर आला, म्हणजे कंपनीनं किंवा दात्यानं ठराविक रक्कम देऊन शाळा पाच किंवा दहा वर्षांसाठी दत्तक घ्यायची. दोन्ही एकत्र आल्यामुळे लोक भडकले, आणि मला वाटतं बरोबर भडकले. एका हातानं शाळा गोळा करायच्या आणि दुसऱ्या हातानं दत्तक द्यायच्या, तर सरकारकडे नक्की काय उरतं?

समूह शाळा ही कल्पना मुळात वाईट नाही, हेही सांगतो. कोठारी आयोगानं १९६४ ते ६६ च्या दरम्यान ‘शाळा संकुल’ सुचवलं होतं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात ते परत आलं. पण संकुलाचा मूळ अर्थ आहे की छोट्या शाळा आपापल्या जागी राहतील आणि शिक्षक, साहित्य, प्रयोगशाळा आपसांत वाटून घेतील. मुलं उचलून एका जागी आणणं हा दुसरा अर्थ. नाव एकच, पण एकात चित्रकलेचा मास्तर बाइकवरून फिरतो आणि दुसऱ्यात पहिलीची पोरगी जीपमधून. फिरायचं कुणी, हा सगळा फरक आहे.

बरं, आता पैशाकडे येऊ. शाळेला पैसा येतो कुठून?

जिल्हा परिषद शाळेतला सगळ्यात मोठा खर्च म्हणजे शिक्षकाचा पगार. तो राज्य सरकार देतं, जिल्हा परिषदेच्या हातून. बाकी समग्र शिक्षा नावाच्या योजनेतून येतं, ज्यात ६० टक्के केंद्राचे आणि ४० टक्के राज्याचे. वर्गखोल्यांसाठी थोडं जिल्हा नियोजन समितीकडून, थोडं जिल्हा परिषदेच्या सेसमधून, कधी ग्रामपंचायतीच्या वित्त आयोगाच्या निधीतून. आपल्याकडे अजून एक गोष्ट आहे. काही गावांत शाळेची इमारत निजामाच्या काळातली आहे, दगडी भिंती आणि गळणारं छत. त्यांची दुरुस्ती की पुनर्बांधणी हाच एक वेगळा हेड होऊन बसलाय. आणि मार्च २०२२ मध्ये नांदेड, लातूरसह राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली, निवडणुका कोर्टात अडकल्या आणि पुढची कितीतरी वर्षं प्रशासकांनी कारभार बघितला. म्हणजे समूह शाळांचे प्रस्ताव मागवले जात होते तेव्हा तुमच्या गटातून निवडून आलेला माणूस जिल्हा परिषदेत नव्हताच. भांडायचं कुणाशी, सीईओ साहेबांशी?

शाळा रोज चालवायला जे पैसे मिळतात त्याला संयुक्त शाळा अनुदान म्हणतात. खडू, रजिस्टर, झाडू, वीजबिल, किरकोळ दुरुस्ती सगळं त्यातच. ते पटावर ठरतं. ३० पर्यंत पट असेल तर वर्षाला १०,००० रुपये. ३१ झाले की २५,०००. शंभरच्या पुढे ५०,०००.

१०,००० भागिले ३६५. दिवसाला सत्तावीस रुपये. त्यातले दहा टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे असतात. आता शाळेचं वीजबिल भरा, टीव्हीवर डिजिटल क्लास चालवा, आणि संडासात पाणी ठेवा. गुरुजी खिशातून घालतात, हे प्रत्येक गावात माहीत असतं, कागदावर कुठंच नसतं.

कोड लिहिणाऱ्यांना ही भानगड लगेच कळेल. हे स्टेप फंक्शन आहे. तीसवरून एकतीस झालं की १५,००० ची उडी. शिक्षकांचंही तसंच. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन. म्हणजे एका लेकराच्या नावावर एक अख्खा शिक्षक टिकतो किंवा जातो. अशी सिस्टीम असली की काठावरच्या शाळेचा जीव कायम टांगलेला. आणि छोट्या शाळेचा खर्च मुलांच्या संख्येच्या प्रमाणात कमी होत नाही ना! छत अकरा जणांवर गळो की चाळीस जणांवर, पत्रे तेवढेच लागतात.

हे सगळं मोजलं जातं संच मान्यतेत. संच मान्यता म्हणजे कुठल्या शाळेला किती शिक्षकांची पदं मंजूर, त्याचा वार्षिक हिशेब. त्यासाठी ३० सप्टेंबरचा पट धरतात, आणि गेल्या काही वर्षांपासून आधार व्हॅलिड झालेलीच मुलं मोजतात. आता आपल्या भागात याचा अर्थ काय होतो बघा. मुखेड, कंधार, लोहा, जळकोट या पट्ट्यातून दसरा-दिवाळीला माणसं ऊसतोडीला जातात. लेकरं सोबत जातात, किंवा हंगामी वसतिगृहाच्या भरवशावर मागं राहतात. काहींचा जन्मदाखला नाही, काहींच्या आधारवर नाव ‘पूजा’ आणि शाळेत ‘पुजा’. दीर्घ-ऱ्हस्वाच्या चुकीनं मूल सिस्टीममध्ये मिसमॅच होतं. वर्गात बसलेलं असतं, गुरुजींना दिसतं, सर्व्हरला दिसत नाही. डेटा व्हॅलिडेशन मी रोज करतो, फेल झालेली रो आम्ही बाजूला काढून तपासतो. इथं ती रो शाळेतूनच वजा होते.

पुढचा टप्पा १५ मार्च २०२४ चा. संच मान्यतेचे निकष बदलले. सहावी ते आठवीचा पट २० पेक्षा कमी असेल तर नियमित शिक्षक शून्य, अशी स्थिती त्यात आली. त्यावर मोठा गदारोळ झाला. मग ५ सप्टेंबर २०२४, म्हणजे नेमक्या शिक्षकदिनी, अजून एक जीआर: २० किंवा त्याहून कमी पटाच्या शाळेत दोनपैकी एक शिक्षक कंत्राटी, मानधन महिना १५,०००. विरोध झाला, त्याच महिन्यात २० चा आकडा १० वर आणला. तरीही २५ सप्टेंबरला राज्यभर प्राथमिक शिक्षकांनी सामूहिक रजा टाकून मोर्चे काढले. आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये कंत्राटी नेमणुकीचा तो निर्णयच रद्द झाला.

हे एवढं सविस्तर सांगितलं कारण त्यातून एक गोष्ट दिसते. शाळा ‘बंद’ असा शब्द या कुठल्याच कागदात ठळक नाही. पण सातवीपर्यंतच्या शाळेत वरच्या वर्गांना शिक्षक नसेल तर पालक पोराला तिथं ठेवेल का? तो पिवळ्या व्हॅनची फी भरेल नाहीतर पोरीला घरी बसवेल. पट अजून कमी. पुढच्या वर्षीची शीट अजून वाईट.

आता ‘परवडत नाही’चा हिशेब करून बघू. आकडा सोपा जावा म्हणून धरा की एका नियमित शिक्षकाचा सरकारला पडणारा खर्च महिना ६०,०००. दोन शिक्षक, वर्षाचे १४ लाख ४० हजार. भागिले अकरा. एका लेकरामागं एक लाख तीस हजार. ऐकायला भयंकर वाटतं. “एवढ्यात तर तो चांगल्या इंग्लिश मीडियममध्ये शिकेल,” असं म्हणणारा एकतरी काका तुमच्याही फॅमिली ग्रुपवर असेल.

पण शाळा बंद केली की हे १४ लाख वाचतात का? नाही. शिक्षक नोकरीवरच असतो, तो दुसऱ्या शाळेत समायोजित होतो. वाचतात तेव्हा, जेव्हा कुठंतरी निवृत्त झालेल्या शिक्षकाची जागा भरायचीच नाही असं ठरतं. म्हणजे बचत शाळेच्या खोलीत नाही, भरतीत आहे. डीएड-बीएड करून, टीईटी आणि टेट देऊन पवित्र पोर्टल रिफ्रेश करत बसलेल्या आपल्या मित्रांनी हे नीट ऐकावं. त्यांच्या जागा आणि तांड्यावरची शाळा ही एकच गोष्ट आहे. आणि भरती झाली तरी पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून महिना १६,०००, म्हणजे माझा ६०,००० चा अंदाज तिथं लागूच होत नाही.

दुसऱ्या बाजूला नवा खर्च येतो. वाहतूक. समग्र शिक्षामध्ये लांब राहणाऱ्या मुलाला वाहतूक भत्ता आहे, वर्षाला जास्तीत जास्त ६,००० रुपये. अकरा मुलांचे ६६,०००. कायद्यानं पहिली ते पाचवीची शाळा वर्षाला किमान २०० दिवस चालली पाहिजे. दिवसाला ३३० रुपये. तेवढ्यात सकाळ-संध्याकाळ फेरी मारणारा जीपवाला किनवट-माहूरच्या घाटात मला एक दाखवा. आणि भत्ता उशिरा आला तर तो उधारीवर किती दिवस येईल? डिझेलवाला त्याला उधार देत नाही.

“एसटी आहे की,” असं कुणी म्हणेल. मुलींना एसटीचा मोफत पास आहे, अहिल्याबाई होळकर योजनेतून, पण तो पाचवीपासून पुढे. मानव विकासच्या निळ्या बस आहेत, त्या हायस्कूल-कॉलेजच्या मुलींसाठी. पहिलीतल्या मुलीसाठी यात काही नाही. शिवाय ऑक्टोबर २०२१ पासून एसटीचा संप झाला तेव्हा कोरोनानंतर शाळा उघडल्या होत्या आणि गाड्याच नव्हत्या. बसवर शिक्षण टेकवलं की काय होतं, याचा ट्रायल रन आपण बघितलाय.

तोरणमाळचं मॉडेल तर निवासी आहे. सातपुड्यातल्या पाड्यांसाठी कदाचित तोच व्यवहार्य मार्ग असेल. पण सहा वर्षांच्या लेकराला वसतिगृहात ठेवायला लातूर जिल्ह्यातली कुठली माय तयार होईल? ज्यांना ऊसतोडीमुळं ठेवावं लागतं त्यांना विचारा रात्री झोप लागते का.

एक खर्च कुठल्याच शीटमध्ये नसतो. खिचडी शिजवणारी बाई. पोषण आहाराच्या नियमानं २५ मुलांपर्यंत एक स्वयंपाकी-मदतनीस, मानधन महिना २,५००. बहुतेक वेळा गावातलीच, गरजू. शाळा गेली की तिचे तेवढेही गेले. निवडणुकीचं मतदान केंद्र तिथंच, लसीकरण तिथंच, पंधरा ऑगस्टचा झेंडाही तिथंच. तांड्यावर सरकारची म्हणावी अशी ती एकच खोली असते.

कायदा काय म्हणतो? शिक्षण हक्क कायदा २००९ आणि राज्याचे २०११ चे नियम: पहिली ते पाचवीसाठी शाळा एक किलोमीटरच्या आत, सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटरच्या आत. नियमांत २० मुलांची अट आहे, पण ती शाळा सुरू करण्यासंदर्भातली आहे. शाळा देणं शक्य नसेल तिथं मोफत वाहतूक किंवा निवासाची सोय करायची जबाबदारी सरकारची. हे उपकार नाहीत.

आणि यात एक गंमत आहे. ९ फेब्रुवारी २०२४ ला सरकारनं नियम बदलला की सरकारी किंवा अनुदानित शाळेच्या एक किलोमीटरच्या आत असलेल्या खाजगी शाळांना २५ टक्के मोफत प्रवेशाचं बंधन नाही. कारण काय, तर जवळ सरकारी शाळा आहेच की! मुंबई हायकोर्टानं जुलै २०२४ मध्ये तो बदल रद्द केला. पण विचार करा. गरीब पोरगं खाजगी शाळेत मोफत जागा मागतं तेव्हा जवळची सरकारी शाळा पुरेशी असते, आणि त्याच शाळेला शिक्षक द्यायची वेळ येते तेव्हा ती परवडत नाही.

आता दुसरी बाजू, कारण छोटी शाळा म्हणजे आपोआप चांगली शाळा असं मी अजिबात म्हणत नाही. एक शिक्षक चार वर्ग सांभाळतो, त्यातून बीएलओची ड्युटी, ऑनलाइन माहिती, केंद्रावरच्या मीटिंगा. तो रजेवर गेला की शाळाच रजेवर. चौथीत एकटीच मुलगी असेल तर ती कबड्डी कुणाशी खेळणार? हे प्रश्न खरे आहेत. एकाच गावात पाचशे मीटरवर दोन शाळा आहेत, एक जुनी कन्याशाळा आणि एक मुलांची, तिथं एकत्र करा, मी टाळ्या वाजवीन. शाळेत दोनच मुलं उरलीत आणि रस्ता चांगला आहे, तर गाडी द्या, आधी देऊन दाखवा, मग बोला. पण ‘२० पेक्षा कमी’ हा एकच फिल्टर लावून उदगीर शहराजवळची वस्ती आणि माहूरच्या डोंगरातला कोलाम पोड एका यादीत टाकणं म्हणजे आळशी क्वेरी आहे. त्या शीटमध्ये अंतर, नाला, रस्ता आणि पावसाळा हे चार कॉलम हवेत.

पट का घटला हेही बघा. जन्मदर कमी झाला, लोक पुणे-हैदराबादला गेले, आणि २०१२ च्या स्वयंअर्थसहाय्यित शाळांच्या कायद्यानंतर इंग्रजी शाळांच्या व्हॅन गावोगाव पोचल्या. लातूर पॅटर्नच्या नावावर अख्खं शहर क्लासेसवर चालतं आणि त्याच जिल्ह्यातली पहिलीची मुलं जीपची वाट बघणार, हे चित्र मला खटकतं. उलटं उदाहरणही आहे. पुणे जिल्ह्यात खेड तालुक्यातली जालिंदरनगरची झेडपी शाळा. २०२२ च्या सुमारास पट उरला होता तीन. गाव आणि शिक्षक एकत्र आले, पट शंभरच्या पुढे गेला आणि २०२५ मध्ये ती जगातल्या सर्वोत्तम शाळांच्या स्पर्धेत अंतिम यादीत होती. सगळीकडे असं होणार नाही, मान्य. पण तीनचा आकडा बघून ती आधीच मिटवली असती तर?

बाहेर काय झालं ते पटकन. राजस्थाननं २०१४ मध्ये सुमारे १७ हजार शाळा एकत्र केल्या आणि काही परत उघडाव्या लागल्या. उत्तर प्रदेशानं २०२५ मध्ये ५० पेक्षा कमी पटाच्या शाळा जोडायला घेतल्या, प्रकरण हायकोर्टात गेलं, आणि नंतर सरकारलाच एक किलोमीटरची मर्यादा सांगावी लागली. चीननं २००१ पासून दहा वर्षं खेड्यांतल्या शाळा धडाधड मिटवल्या आणि २०१२ मध्ये केंद्र सरकारनंच ब्रेक लावला, कारण लहान मुलं लांबच्या रस्त्यांवर आणि वसतिगृहांत अडकली होती. आपल्याकडे इगतपुरी तालुक्यातल्या दरेवाडीची मुलं २०२२ मध्ये शाळा गेली म्हणून शेळ्या घेऊन नाशिकच्या जिल्हा परिषदेवर धडकली होती. दप्तरं परत घ्या, आम्ही शेळ्या राखतो, असं त्यांचं म्हणणं होतं.

तर ताई, तुमचं उत्तर. अकरा मुलं आहेत एवढ्या कारणानं शाळा आपोआप बंद होत नाही. पण वाट बघत बसू नका. फोनवर यूडायसच्या पोर्टलवर तुमच्या शाळेचा अकरा अंकी कोड टाका. सुरुवातीचे दोन अंक २७, म्हणजे महाराष्ट्र. पुढचे दोन नांदेडचे १५, लातूरचे २८. तिथं शाळेचा पट, शिक्षक, खोल्या, संडास सगळं दिसतं. ते खऱ्याशी जुळतं का बघा. न जुळणारे आधार ३० सप्टेंबरच्या आधी दुरुस्त करून घ्या, नंतर केलं तर त्या वर्षाच्या हिशेबात उपयोग नाही. शाळा व्यवस्थापन समितीत कायद्यानं तीन चतुर्थांश पालक असतात, निम्म्या महिला. ती बैठक घ्या आणि मध्यवर्ती शाळेपर्यंतचं अंतर पायवाटेनं किती, रस्त्यानं किती, नाला पावसाळ्यात किती दिवस भरलेला असतो, हे इतिवृत्तात लिहून घ्या. मोबाइलवर मॅप लावून चालत जा आणि स्क्रीनशॉट जोडा. मग तोच ठराव ग्रामसभेत, आणि प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे, पोच घेऊन. तिथं दाद नाही लागली तर कायद्याच्या कलम ३२ खाली स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार, आणि त्यापुढे राज्य बालहक्क आयोग.

कुणी “सह्या करा, समूह शाळेला संमती द्या” म्हणून कागद आणला तर आधी विचारा: गाडी कुणाची, पहिल्या दिवसापासून येणार का, पैसे कुठल्या हेडमधून, आणि ती बंद पडली तर शाळा परत उघडणार का. उत्तर त्याच कागदावर लिहून मागा.

पुढच्या एपिसोडमध्ये हंगामी वसतिगृहांबद्दल बोलू. तुमच्या गावातल्या शाळेचा पट आणि शिक्षकसंख्या व्हॉइस नोटवर पाठवा, तालुक्याचं नाव सांगा, शिक्षकांचं नको.